टेकडीवर बीगलला मोकळं सोडावं का? आणि लांब लीश कुठली घ्यावी? (बजेट १५००)

ऋजुता_पौडरोड
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दीड वर्षाची बीगल जातीची कुत्री आहे, नाव खारी. घर दोन खोल्यांचं, म्हणून सकाळी पावणेसहाला तिला घेऊन पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जायचे आणि वर पोचलं की लीश (बांधायची दोरी) काढायचे. तीन हाका मारल्या की एकदा येते. (नाव ठेवताना डोकं चालवलं नाही. 'खारीऽऽ खारीऽऽ' ओरडत फिरत होते, तर एका काकांनी 'पाव किलो कशी?' विचारलं.)

गेल्या रविवारी ती एका आजोबांच्या अंगावर उडाली. चावली नाही, खेळायलाच गेली होती. ते दचकून मागे सरले, मुरमावरून पाय घसरला आणि खाली बसले. तळहात सोलवटला. मी लांबून 'काही करत नाही हो ती!' ओरडत धावतेय. आजोबा एवढंच म्हणाले, "ते तुम्हाला माहीत. मला कसं कळणार?" तेव्हापासून टेकडी बंद.

तर, १) बीगल मोकळी सोडण्याइतकी कधी भरवशाची होते का? २) लांब लीश कुठली घ्यावी? बजेट दीड हजार, त्याच्या वर नाही. ट्रेनर परवडणार नाही, कृपया सुचवू नका.

शेफर्डवाला
ट्रेनर लावा. आमच्या सुलतानला सहा महिने लावला होता, महिना आठ हजार. आज लक्ष्मी रोडवर ऐन दिवाळीत लीशशिवाय माझ्या डाव्या पायाला चिकटून चालतो. लोक फोटो काढतात. पैसे वसूल.

तिरकस_सदाशिव
ऐन दिवाळीत लक्ष्मी रोडवर माणसाला चालता येत नाही, सुलतान कुठून चालला?

पॉमची_आई
ऋजुता, जीपीएस कॉलर घे गं. आम्ही नऊ हजारांची घेतली, कुठे आहे ते फोनवर दिसतं. गेल्या दिवाळीत माळ लागली आणि आमचा बिट्टू जिन्यातून सुसाट. दोन तासांनी सापडला. तेव्हा कॉलर नव्हती, आता आहे. (चार्जिंग मात्र रोज करावं लागतं, ते विसरतं.)

गोंधळलेला_आत्मा
+१ ट्रेनर.

सकाळची_फेरी
माझ्याकडे कुत्रं नाही. वय ६८, रोज टेकडीवर जातो, म्हणून लिहितो. जानेवारीत उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पहाटेच्या उजेडात तपकिरी काहीतरी वेगाने येताना दिसतं, ते बीगल आहे की भटकं आहे की रानडुक्कर, हे पोचेपर्यंत समजत नाही. तुमची हाक मागून येते, कुत्रं आधी येतं.

मला एवढंच हवं असतं. समोरून माणूस दिसला की कुत्र्याला वाटेच्या कडेला घ्या, दोरी आखूड करा आणि तुम्ही आमच्या दोघांच्या मध्ये उभे राहा. मी जाईपर्यंत दहा सेकंद लागतात. एक मुलगी रोज असं करते. तिच्याकडे केवढं दांडगं काळं कुत्रं आहे, पण मला त्याची भीती वाटत नाही. भीती वाटते ती 'काही करत नाही हो'वाल्यांच्या छोट्या कुत्र्यांची.

शेफर्डवाला
काका, सुलतान कोणाच्या वाटेला जात नाही.

बीगल_दोनदा_पाळली
पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही. ही जात सशामागे वास काढत पळण्यासाठी तयार केलेली आहे. नाक जमिनीला लागलं की कान बंद. आमची पहिली बीगल साडेतीन वर्षं भरवशाची होती, मग एक दिवस मुंगूस दिसलं. पाषाणच्या बाजूला उतरली होती, रात्री नऊला मिळाली.

दुसरं उत्तर: गुंडाळीची, बटणवाली लीश अजिबात घेऊ नका. बारीक दोरी पोटरीला घासली की भाजल्यासारखं होतं, माझ्या पायावर अजून खूण आहे. हातातून ते प्लॅस्टिकचं डबडं सुटलं की खडखडत मागे येतं आणि कुत्रं घाबरून आणखी पळतं. साधी लांब दोरी घ्या, पण ती गळ्यातल्या पट्ट्याला लावू नका, हार्नेसला (छातीभोवती घालायच्या पट्ट्याला) लावा. दहा मीटर धावत जाऊन दोरी संपते तेव्हा सगळा झटका मानेला बसतो.

नानाची_वाडी
मी मूळचा जुन्नरकडचा. दहा मीटरला दुकानात हजार मागतात, कशाला? बैलाचा सुती कासरा आणा. मंडईच्या बाजूला दोरवाल्यांकडे मिळतो, दोनशेच्या आत. नायलॉनचा नको, हात कापतो. सुती ओला झाला की जड होतो, तेवढं एक. टोकाला पितळी कडी बसवून घ्या. आमच्या वाडीवर कुत्र्याला बांधतच नाही, ती गोष्ट वेगळी.

लिफ्ट_पीडित_बी१०४
धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे पण लिहितोच. आमच्या सोसायटीत कुत्रेवाले लिफ्टमध्ये घुसतात. सहा महिन्यांचं बाळ घेऊन मी उभा, आणि आत लॅब्राडोर. बंदी घालायला ठराव केला तर सेक्रेटरी म्हणतात बेकायदेशीर.

तिरकस_सदाशिव
सेक्रेटरी बरोबर बोलतायत. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही.

लिफ्ट_पीडित_बी१०४
आणि पार्किंगमधली शी? तीही मार्गदर्शक का?

तिरकस_सदाशिव
ती उचलायची. त्याला सूचना कशाला हव्यात, नाक पुरे.

पॉमची_आई
मी जुना पेपर घेऊन जाते. बसायच्या पवित्र्यात आला की पटकन खाली सरकवायचा, गुंडाळायचा, झालं. जमीन घाण होतच नाही. लोक म्हणतात झाडाला खत होतं. शेणासारखं नाही हो ते, जंत असतात त्यात. आणि लिफ्टमध्ये बाळ असेल तर मी पुढच्या लिफ्टने जाते, सगळेच कुत्रेवाले तसे नसतात.

वकील_नाही_पण
मूळ धागाकर्तीसाठी: भारतीय न्याय संहिता, कलम २९१. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या आजोबांचं हाड मोडलं असतं तर? महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट आहे ना? नसेल तर आधी ते करा, मग दोरीचं बघा. आणि नुसता नखाचा ओरखडा असला तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. हळद-चुना लावत बसायचं नाही.

हॅनोव्हरची_मावशी
आमच्याकडे जर्मनीत, नीडरसाक्सन राज्यात, १ एप्रिल ते १५ जुलै रानात आणि शेतात कुत्रं बांधूनच न्यावं लागतं, पक्ष्यांची घरटी आणि पिल्लं असतात म्हणून. आणि पहिल्यांदा कुत्रं घेणाऱ्या माणसालाच परीक्षा द्यावी लागते, लेखी आणि प्रत्यक्ष. मी पहिल्या फटक्यात पास झाले.

तिरकस_सदाशिव
मावशी, अभिनंदन. इथे पौड रोडवर सलग शंभर पावलं फुटपाथ मिळाला तर आम्ही पास समजतो.

टेकडी_वाचवा_मंडळी
मावशींची चेष्टा नको, मुद्दा खरा आहे. वेताळ टेकडीवर मोर आहेत. लांडोर जमिनीवरच अंडी घालते, तीही पावसाळ्याच्या सुमारास. म्हणजे गवत गुडघाभर वाढून तुमच्या कुत्र्याला सगळ्यात मजा येते, नेमकी तेव्हाच. मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहे. 'नुसता मागे धावला, धरला नाही' म्हणणारे रोज भेटतात.

गोंधळलेला_आत्मा
गुंडाळीची लीश चांगली असते का? कोणी वापरली आहे?

बीगल_दोनदा_पाळली
वर वाचा.

मीरा_औंध
मी वापरते गुंडाळीची, चार वर्षं, काही झालं नाही. पग आहे पण. तो पळतच नाही.

खारीच्या कानांबद्दल कोणी बोललं नाही. गवतातून आल्यावर लोंबत्या कानांच्या आत आणि पायाच्या बोटांमध्ये गोचीड बघायचीच. आमच्या शेजारच्यांचा कुत्रा गोचिडीच्या तापाने आठवडाभर सलाइनवर होता, बिल बारा हजार. तुमचं दीड हजाराचं बजेट तिथे ठेवा.

ऋजुता_पौडरोड
सगळ्यांचे आभार, ट्रेनरवाल्यांचेही. तीन आठवड्यांनी लिहितेय.

मंडईतून कासरा आणला, १७० रुपये. हार्नेस ८५०. पहिल्याच दिवशी कासरा दोन बाभळींना आणि एका बाकाला गुंडाळला गेला, बाकावर एक जोडपं बसलं होतं. आता तो बाबांनी गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधलाय.

टेकडी सोडलीच. सगळे म्हणाले तिला पळवायला हवं. मी तिला पाच फुटांच्या जुन्याच लीशवर गल्लीत नेते आणि तिला हवा तितका वेळ वास घेऊ देते. गेटपासून पिठाच्या गिरणीपर्यंत दोनशे पावलं असतील, पन्नास मिनिटं लागतात. एकेका स्कूटरचं चाक, मग गिरणीच्या पायरीवर सांडलेलं ज्वारीचं पीठ, ते शिंकून शिंकून हुंगते. घरी आली की पाणी पिऊन आडवी. टेकडीवरून आल्यावर सोफा कुरतडायची.

समोरून कोणी आलं की फेरीकाकांनी सांगितलं तसं मध्ये उभी राहते. त्या आजोबांना परवा बँडेज आणि मलम घेऊन भेटायला गेले, खारीला न घेता. त्यांनी चहा दिला. टेकडीवर अजून दुसऱ्या वाटेने जातात म्हणाले. मलम त्यांच्याकडे होतंच.

सकाळची_फेरी
बरं केलंत.

बीगल_दोनदा_पाळली
पण आठवड्यातून एकदा तरी धावायला हवी हो. माझी पहिली अशीच लठ्ठ झाली होती.

नानाची_वाडी
कासरा दोन माणसांनी धरायचा असतो ताई. सांगायचं राहिलं.

नवीन_सदस्य_पिंपरी
धागा पूर्ण वाचला नाही, पण ट्रेनर लावा.