केसरचा गर पत्र्याच्या डब्यात: डबा आतून करडा पडतोय, चव धातूसारखी लागतेय

अंबड_प्रक्रिया

राम राम मंडळी. अंबड तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी विचारतोय. केसर आंब्याचा गर ए-१० डब्यात (३.१ किलो) आणि मोसंबीच्या सोललेल्या फोडी पाकात ए-२½ डब्यात (८५० ग्रॅम) भरतो. दोन्ही डबे आतून साधे, लॅकर (पत्र्यावरचा संरक्षक लेप) फक्त वरच्या-खालच्या झाकणांना. गर ८८ अंशांना भरून सीमिंग (सीमर यंत्रानं झाकण घट्ट बसवणं), मग उकळत्या पाण्यात ठेवून थंड करणं. पाक ३५ ब्रिक्सचा (१०० ग्रॅममागे ३५ ग्रॅम साखर), पाणी बोअरचं. माल पत्र्याच्या शेडमध्ये.

दहा महिन्यांनी काही डबे उघडले. गराच्या डब्यांत आतल्या पत्र्यावर करडी, पानांच्या शिरांसारखी नक्षी दिसते. मोसंबीच्या डब्यांत पत्रा ठिकठिकाणी काळपट झालाय आणि पाकाला धातूची चव आहे. फुगलेला डबा एकही नाही.

हे खाण्यात गेलं तर बाधतं का? पुढच्या हंगामात पूर्ण लॅकरचा डबा घ्यावा तर बीपीएचं (बिस्फेनॉल-ए, इपॉक्सी लॅकर बनवायचं रसायन) काय? युरोपला माल पाठवणारा व्यापारी 'बीपीए-एनआय' (बीपीए मुद्दाम घातलेला नाही) असं लेखी मागतोय. आणि शिल्लक मालाचं काय करायचं?

कथील_आणि_पत्रा

दादा, गराच्या डब्यातली नक्षी आणि मोसंबीच्या डब्यातला काळपटपणा या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. डब्याचा पत्रा म्हणजे पोलाद, त्यावर दोन्ही बाजूंनी कथलाचा पातळ थर. बंद डब्यात हवा नसताना आम्लात कथील आधी विरघळतं आणि पोलाद वाचवतं. साधा डबा बनवलाच त्यासाठी आहे. विरघळताना कथलाचे स्फटिक उघडे पडतात, तीच तुमची नक्षी. ती सगळीकडे सारखी आणि चकचकीत असेल तर घाबरायचं कारण नाही. पण काळपट, निस्तेज डाग म्हणजे तिथलं कथील संपलं आणि पोलाद उघडं पडलं. ते कथील गेलं कुठं? पाकात.

मर्यादा अशी: कोडेक्सनं (जगभरासाठी अन्नाची मानकं ठरवणारी संस्था) डबाबंद अन्नाला किलोमागे २५० मिलिग्रॅम आणि डबाबंद पेयांना १५० मिलिग्रॅम कथील ठरवलंय. युरोपात तेच २०० आणि १००, लहान मुलांच्या अन्नाला ५०. असं कथील शरीरात फारसं शोषलं जात नाही, साचूनही राहत नाही. पण प्रमाण २०० च्या आसपास गेलं की काहींना काही तासांत मळमळ, पोटात मुरडा, जुलाब होतात. म्हणजे बाधतं, आणि लगेच बाधतं.

आता हिशेब करू. ११.२ ग्रॅम प्रति चौरस मीटर कथलाचा पत्रा धरा. ए-२½ डब्याची नुसती आतली भिंत ०.०३८६ चौरस मीटर भरते, म्हणजे सुमारे ४३० मिलिग्रॅम कथील. ते सगळं ८५० ग्रॅम मालात उतरलं तर किलोमागे ५०० च्या वर. ए-१० च्या भिंतीवर साधारण ९८० मिलिग्रॅम असतं, पण आत माल ३.१ किलो, म्हणून किलोमागे जास्तीत जास्त ३१५ च्या आसपास. डबा जितका लहान तितका किलोमागे पत्रा जास्त. तुमची मोसंबी आधी बिघडली त्याचं एक कारण हे.

दुसरं आणि माझ्या मते मुख्य कारण बोअरचं पाणी. बंद डब्यात नायट्रेट कथलाला अक्षरशः खातं. १ मिलिग्रॅम नायट्रेट साधारण ७.७ मिलिग्रॅम कथील सोडवतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेटला लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मुभा आहे. तुमच्या ८५० ग्रॅमच्या डब्यात ३५० ग्रॅम पाक धरला तर त्यात पाणी सुमारे २३० मिली, नायट्रेट सुमारे १० मिलिग्रॅम. त्यातून ८० मिलिग्रॅम कथील सुटतं, म्हणजे किलोमागे ९० च्या वर. पाणी पिण्याच्या मानकात पास असूनही! बोअर उसाच्या किंवा मोसंबीच्या बागेशेजारी असेल आणि युरियाचं पाणी झिरपून नायट्रेट १०० वर गेलं असेल, तर फक्त पाण्यामुळं आकडा २०० ओलांडतो. पाकाचं पाणी आरओचं घ्या आणि आरओ नंतर पट्टीनं तपासा, १० च्या खाली ठेवा. पट्टी घेताना बघा, काही पट्ट्या 'नायट्रेट नायट्रोजन' दाखवतात. तो आकडा ४.४ नं गुणल्यावर नायट्रेट मिळतं. पट्टीवर १० वाचून निर्धास्त राहणारे प्रत्यक्षात ४४ वर असतात.

तिसरी हवा. एक मिली ऑक्सिजन साधारण १० मिलिग्रॅम कथील सोडवतो. ए-१० मध्ये वर १० मिलिमीटर पोकळी ठेवली की ती १९० मिलीच्या घरात जाते. गर ८८ ला भरताय हे चांगलं, पण सीमरपाशी डबे रांगेत थांबून वरचा गर ७० वर आला तर पोकळीतली वाफ कमी होते आणि हवा जवळपास दुप्पट राहते. भरण्याच्या टाकीतलं तापमान लिहू नका, झाकण बसण्याच्या क्षणीचं लिहा. सीमर बंद पडला तर भरलेले डबे परत टाकीत रिकामे करून पुन्हा तापवा.

चौथं शेड. तापमान १० अंशांनी वाढलं की कथील सुटायचा वेग साधारण दुप्पट होतो. २५ अंशांच्या गोदामात वर्षभरात जे होतं ते ४५ अंशांत तीन महिन्यांत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ असताना पत्र्याखाली वरच्या थप्पीला त्याहून जास्त असतं. जूनमध्ये भरलेला माल मार्चअखेर बाहेर काढायचा, हे वेळापत्रकच ठेवा. ते जमत नसेल तर छताला आतून इन्सुलेशन, वर पांढरा रंग, थप्पी पश्चिमेच्या भिंतीपासून लांब आणि वर किमान एक मीटर मोकळी जागा. थंड करतानाही डब्याच्या मध्यभागी ३८ ते ४० अंश येऊ द्या. त्याहून गरम थप्पी लावली तर आतला माल कित्येक दिवस गरमच राहतो. फार थंड केला तर बाहेरून पाणी सुकत नाही आणि डब्याला गंज येतो.

आणखी एक, जे फार कमी लोक बघतात: मोहोरावर भुरीसाठी पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी होते. सालीवर राहिलेलं गंधक गरात उतरलं तर पत्रा काळा पडतो. आंबे पल्परला (गर काढायच्या यंत्राला) जाण्याआधी वाहत्या पाण्यात धुवा. केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) घालून टिकवलेला गर तर साध्या डब्यात भरूच नका, गंधकाचा वायू सुटून कुजक्या अंड्याचा वास येतो आणि पत्रा काळवंडतो.

लॅकर_टेबल

बीपीएबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: कथील गोदामात सुटतं, बीपीए मुख्यतः गरम करताना सुटतं. लॅकर जर इपॉक्सी असेल तर त्यातला न जुळलेला बीपीए आणि बॅजे (बीपीएपासून बनणारं इपॉक्सीचं रसायन) उकळत्या पाण्यात किंवा रिटॉर्टमध्ये (डबे दाबाखाली तापवायचं यंत्र) मालात उतरतात, नंतर साठवणीत फार वाढत नाहीत. म्हणून 'थंड गोदामात ठेवतो' हे बीपीएचं उत्तर नाही. उत्तर लॅकर कोणतं आणि भट्टीत किती पक्कं भाजलंय, यात आहे.

युरोपची गोष्ट अशी. त्यांच्या अन्नसुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुसह्य मात्रा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.२ नॅनोग्रॅम ठरवली. आधी ती ४ मायक्रोग्रॅम होती, म्हणजे २०,००० पट खाली आणली. मग नियमन २०२४/३१९० आलं, २० जानेवारी २०२५ पासून लागू. बहुतेक वस्तूंना २० जुलै २०२६ पर्यंत मुदत दिली, पण फळं, भाज्या आणि मासे टिकवायच्या एकदाच वापरायच्या डब्यांना २० जानेवारी २०२८ पर्यंत. डब्याच्या फक्त बाहेरच्या वार्निशलाही तीच मुदत. तुमचा गर फळांत मोडतो, तरी व्यापारी आताच मागतोय, कारण या डब्यांची विक्री दोन-तीन हंगाम चालते.

आणि 'साधा डबा म्हणजे बीपीएचा प्रश्नच नाही' असं समजू नका. तुमच्या झाकणांना लॅकर आहे, डब्याला बाहेरून वार्निश आहे, वेल्डच्या रेषेवर आतून साइड स्ट्राइप (लॅकरची पट्टी) असू शकते. डबेवाल्याकडून तिन्हींचं लेखी घ्या: रेझिन कोणतं, बीपीए मुद्दाम घातलेला नाही हे, आणि बदली म्हणून बीपीएस वा बीपीएफ (त्याच जातीची रसायनं) घातलेला नाही हेही. पॉलिएस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक लॅकर असं स्पष्ट नाव लिहून मागा. नुसतं 'फूड ग्रेड' हा शब्द काहीच सांगत नाही.

माल आल्यावर दहा डबे तपासा. कापसाचा बोळा एमईकेमध्ये (मिथाइल इथाइल कीटोन, रंग विरघळवणारं द्रावक) भिजवून लॅकरवर ठरावीक वेळा घासा. रंग बोळ्यावर आला किंवा लॅकर मऊ पडलं तर ते कच्चं भाजलंय, आणि कच्च्यातूनच जास्त सुटतं. हे काम मोकळ्या हवेत, विस्तव लांब ठेवून, हातमोजे घालून करा. लॅकरची छिद्रं बघायला आम्लयुक्त मोरचुदाचं द्रावण डब्यात भरून काही मिनिटांनी ओता: जिथं पोलाद उघडं आहे तिथं तांब्याचे लालसर ठिपके उमटतात. ठिपके बहुधा वेल्डच्या रेषेवर आणि झाकणाच्या वळणावर दिसतात. तपासलेला डबा परत वापरात घेऊ नका.

पूर्ण लॅकरचा तोटाही सांगतो. साध्या डब्यात झीज सगळीकडे पसरते. लॅकर फाटलं तर सगळा मारा त्या एका टाचणीएवढ्या जागेवर होतो आणि पत्र्याला आरपार भोक पडतं. शिवाय कथील गराचा रंग राखतं. लॅकरच्या डब्यात केसरचा केशरी लवकर तपकिरीकडे झुकतो, त्यामुळं तिथं हवा काढण्याचं काम आणखी काटेकोर हवं. माझं मत: युरोपच्या मालाला पॉलिएस्टर लॅकरचा डबा, मोसंबीलाही लॅकर, आणि इथल्या गिऱ्हाइकाच्या ए-१० गराला आतून ११.२ चा साधा डबा. स्वस्तात २.८ चा पत्रा आतून साधा मिळाला तर घेऊ नका, तो लॅकरखाली वापरायचा असतो.

चाचणी_संभाजीनगर

शिल्लक मालाबद्दल. विक्री थांबवा, आधी चाचणी. गर बाटलीत काढून पाठवू नका, बंद डबेच पाठवा, प्रत्येक लॉटचे किमान पाच, त्यात शेडमधल्या वरच्या थप्पीचे दोन असू द्या. लॅबला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता 'कथील, डबाबंद अन्न' या कामासाठी आहे का ते विचारा. आणि लॅबला एक वाक्य लिहून द्या: नमुना विरघळवताना हायड्रोक्लोरिक आम्ल वापरा. नुसत्या नायट्रिक आम्लात कथील ऑक्साइड होऊन तळाला बसतं आणि अहवालात आकडा खोटा कमी येतो. असे 'छान' अहवाल फिरत असतात.

२५० च्या वर आलेला लॉट नष्ट करायचा. चांगल्या मालात मिसळून आकडा खाली आणणं हा मार्ग नाही, आणि दुसऱ्या डब्यात भरून कथील जात नाही. तसंच मोसंबीचा पीएच प्रत्येक लॉटला मोजा. मोसंबीत आम्ल कमी असतं, पाकात सायट्रिक आम्ल घालून फोडी आणि पाक एकजीव झाल्यावर ४.३ च्या खाली हवा. ४.६ च्या वर उकळत्या पाण्याची प्रक्रिया धोक्याची, डबा फुगला नाही म्हणून माल सुरक्षित ठरत नाही. पद्धत पक्की करायला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे, तिथं विचारा.

अंबड_प्रक्रिया

आभार सगळ्यांचे. बोअरचं पाणी आजच तपासायला देतो. अजून दोन गोष्टी. कैरीचं पन्हं अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये भरायचा विचार आहे, छोटं हाताचं सीमर मिळतं. आणि गावात बायका तेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या डब्यात लोणचं-चिंच भरून ठेवतात, ते कसं?

कथील_आणि_पत्रा

पन्ह्यात आम्ल आणि मीठ दोन्ही असतं, अ‍ॅल्युमिनियमला हीच जोडी सगळ्यात वाईट. लॅकरच्या बारीक छिद्रातून क्लोराइड शिरतं आणि कॅनला टाचणीची भोकं पडतात. काळं मीठ घालत असाल तर गंधकाची भर. त्यात पन्हं तांब्या-पितळेच्या भांड्यात उकळलं असेल तर विरघळलेलं तांबं अ‍ॅल्युमिनियमवर बसून भोक आणखी लवकर पाडतं. म्हणून पन्हं स्टीलच्या भांड्यातच करा. कॅनवाल्याला पन्ह्याचा पीएच, मिठाचं प्रमाण आणि तांब्याचं प्रमाण लेखी कळवा, त्यांनी या पेयाला लॅकर चालतं असं लिहून दिलं तरच भरा. पहिल्या खेपेचे ५० कॅन ४० अंशांच्या खोलीत आडवे ठेवून दर पंधरा दिवसांनी बघा. मला विचाराल तर पन्ह्याला काचेची बाटली.

तेलाचे डबे: त्यातलं कथील मुळातच पातळ, कापलेल्या कडेला पोलाद उघडं, वर मीठ आणि चिंचेचं आम्ल. आठ दिवसांत तांबूस पाणी सुटतं. एकदा वापरलेले डबे खाद्यतेलाला परत वापरायला कायद्यानंच मनाई आहे. लोणच्याला चिनीमातीची बरणी, चिंचेला काच किंवा स्टील. आणि कुणी जुन्या साठ्यातले डबे स्वस्तात देत असेल तर उभी शिवण बघा: वेल्ड असेल तर एक बारीक, काळसर, सपाट रेष दिसते. दुमडलेल्या शिवणीवर चांदीसारखा जाड, लिंपलेला पट्टा दिसला तर ते झाळकाम आहे, त्यात शिसं असू शकतं. तो डबा अन्नाला घ्यायचाच नाही, आत लॅकर असलं तरी.