मदत हवी आहे: शिकवणीच्या मुलींचा पाठलाग होतोय, पण घरी सांगितलं तर मुलींचीच शिकवणी बंद होईल

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड-सिंदेवाही भागातल्या एका गावात आठवी ते दहावीची गणित-विज्ञानाची शिकवणी घेते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर भाड्याची खोली आहे. शाळा पाचला सुटते, सव्वापाच ते पावणेसात वर्ग चालतो. अर्ध्याहून जास्त मुलं आजूबाजूच्या खेड्यांतली. शाळेसाठी मानव विकासची निळी बस आहे, पण ती शाळा सुटल्या सुटल्या निघते. त्यामुळे शिकवणीला थांबणाऱ्या मुली सायकलनेच परततात, आणि रस्ता बराचसा जंगलाच्या कडेने जातो.

आता मूळ प्रश्न. तीन मुलं मोटरसायकलवर या मुलींच्या मागे मागे जातात. दोघं माझ्याच दहावीच्या बॅचमधली, तिसरा अकरावीतला. आधी नुसतं हॉर्न वाजवणं, गाडी आडवी घालणं असं चालायचं. मागच्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाने नववीतल्या एका मुलीचा सायकल चालवतानाचा फोटो मागून काढला आणि गाणं लावून स्टेटसला ठेवला. मला तिच्या मैत्रिणीने सांगितलं. मी त्या मुलीला एकटीला विचारलं तर ती रडायलाच लागली. "बाई, घरी नका सांगू. बाबा म्हणतीन, कायले जातेस मंग शिकवणीले, बस घरी."

तिचं चुकत नाही. आमच्याकडे असं झालेलं मी पाहिलंय. छेड काढणारा पोट्टा फिरतो मोकळा आणि पोरीची शाळा सुटते, मग वर्षा-दोन वर्षांत लग्नाचं बोलणं सुरू. ही मुलगी गणितात इतकी चांगली आहे की तिला घरी बसलेली मी बघू शकणार नाही.

मुलांना वर्गातून काढून टाका असं काही जण म्हणतात. काढलं तर ते कुठे जातील? समोरच्या पानठेल्यावर. तिथे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) मिळतो, या पोरांना उधारीवरही मिळतो. आज ते निदान दीड तास माझ्या डोळ्यांसमोर असतात, उद्या दिवसभर त्या रस्त्यावरच असतील.

त्यात थंडीचा प्रश्न वेगळा. डिसेंबरात पावणेसहालाच अंधारायला लागतं. सकाळची वेळ ठेवावी तर पहाटे धुकं आणि वाघाची भीती. बाहेरच्यांना हे वाढवून सांगितल्यासारखं वाटेल, पण आमच्या तालुक्यांत दरवर्षी माणसं जातात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत तर जास्तच.

कोणी असं हाताळलं असेल तर सांगा. पोलिसांत जायचं का? मुलीच्या आईवडिलांशी कसं बोलायचं? मुलांचं काय करायचं? मी हात उचलत नाही आणि उचलणार नाही, त्यामुळे "दोन ठेवून द्या" हा सल्ला कृपया नको.

— गणिताच्या बाई

प्रतिसाद: बालसंरक्षणात काम केलेला

बाई, आधी कायद्याचं सांगतो, कारण इथे तुमच्यावरही जबाबदारी येते. मुलगी अठराच्या आतली आहे. लैंगिक हेतूने मुलीचा सतत पाठलाग करणं, तिच्यावर पाळत ठेवणं किंवा मोबाइलवरून मागे लागणं हे पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा 2012, याच्या कलम 11 मध्ये येतं, शिक्षा कलम 12 खाली तीन वर्षांपर्यंत. हेतू होता की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही. कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं असतं, मग तो शिक्षक असो की शेजारी. न कळवणंही कलम 21 खाली गुन्हा आहे. म्हणून "कोणालाच सांगणार नाही" असं वचन मुलीला देऊ नका. "तुला विचारल्याशिवाय गावात कोणाला सांगणार नाही, पण ज्यांचं हे काम आहे त्यांना सांगावं लागेल" एवढं खरं खरं सांगा.

सुरुवात 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनपासून करा. फोन फुकट आहे. तुमच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाशी ते जोडून देतील. तातडीचं काही घडलं तर 112.

मुलांचं आयुष्य उद्ध्वस्त होईल ही भीती असेल तर हेही ऐका. मुलं अठराच्या आतली असतील तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अल्पवयीन मुलावर सहसा एफआयआर होत नाही. पोलीस डायरीत नोंद घेतात आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला देतात. पुढे समज देणं, समुपदेशन असा मार्ग असतो. अकरावीतल्याचं वय मात्र नीट तपासा. तो अठरा पूर्ण असेल तर गोष्ट वेगळी.

मुलीने सांगितलेलं तिच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत लिहून ठेवा. तिला पुन्हा पुन्हा तेच विचारू नका. तो फोटो कोणालाही, अगदी "पुरावा म्हणून" सुद्धा, पुढे पाठवू नका. आणि गावात चार लोक बसवून, मुलाला पाया पडायला लावून मिटवलं, असं होऊ देऊ नका. त्या बैठकीनंतर गावभर नाव मुलीचंच होतं.

प्रतिसाद: गडचिरोलीची अंगणवाडी ताई

कायद्याचं दादांनी सांगितलंच. मी घरच्यांचं सांगते.

ताई, बापाकडे आधी जाऊ नका. आधी आईला भेटा, तेही तिच्या घरी, दुपारी, बाप्ये घरी नसताना. आणि नुसती तक्रार घेऊन जाऊ नका, बंदोबस्त ठरवूनच जा. "पोरीच्या मागे पोट्टे लागले" एवढंच सांगाल तर आई घाबरेल आणि संध्याकाळी दप्तर माळ्यावर जाईल. त्याऐवजी असं सांगा: "हे असं झालं. पोरीची चूक काहीच नाही. उद्यापासून ती या चौघींबरोबर जाईल, अमक्याची आई फाट्यापर्यंत सोबत येईल, त्या पोरांच्या घरी मी बोलणार आहे. तुम्ही फक्त तिला थांबवू नका." आईने ऐकलं की बापाला कधी आणि कसं सांगायचं ते तिला बरोबर कळतं.

पालकसभा घेणार असाल तर पोरांच्या पालकांची घ्या. पोरी शिकवणीला येतात त्या सोडून सगळ्यांनाच पोरींच्या सुरक्षेवर भाषण द्यायचं असतं, आणि त्यातून निघतं एकच, "पोरींनी लवकर घरी या". सभेत मोटरसायकलीचा विषय काढा. अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडी दिली तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. 2019 पासून हा कायदा आहे. हे ऐकून बाप स्वतःच किल्ली काढून घेतात, मी पाहिलंय. गाडी गेली की निम्मा पाठलाग संपतो.

आणि गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच असते. तुमच्या अंगणवाडी सेविकेला विचारा, ती समितीत असतेच. मुलीचं नाव न घेता रस्त्याचा आणि पानठेल्याचा विषय तिथे मांडता येईल.

प्रतिसाद: भंडाऱ्याचा शिकवणीवाला

मॅडम, वेळेचं मी असं केलं. नोव्हेंबर ते जानेवारी बाहेरगावच्यांना साडेपाचला सोडतो, गावातली मुलं पुढे बसतात. बाहेरगावच्यांचा बुडालेला भाग रविवारी सकाळी दहाला, चांगलं ऊन पडल्यावर. पालकांनी कुरकूर केली नाही. एका गावची मुलं एकत्र निघतात आणि शेवटचं मूल घरी पोचलं की त्याची आई मला फोनवर एक मिस कॉल देते. मिस कॉल आला नाही तर मी फोन करतो. तुमच्या भागात वाघासाठी वनविभागाची प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या पोराला रोजची वेळ सांगून ठेवा, ते त्या वाटेवर लक्ष ठेवतात.

पानठेल्याबद्दल: शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही हा नियम शाळा-कॉलेजांसाठी आहे, शिकवणीसाठी नाही. पण अठराखालच्याला तंबाखू विकायला कुठेच परवानगी नाही, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम 77 मध्ये मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी ठेलेवाल्याला हे कलम शांतपणे वाचून दाखवलं, भांडलो नाही. आमच्याकडे तरी शाळेच्या पोरांना देणं थांबलं.

मुलांना काढू नका हे तुमचं म्हणणं पटतं, पण एका अटीवर. त्या मुलीला त्यांच्यासोबत एकाच खोलीत बसावं लागू नये. बॅच त्यांची बदला, तिची नाही.

गणिताच्या बाई:

तिघांचेही मनापासून आभार. शेवटचं वाक्य वाचून एकदम स्पष्ट झालं. मी तिची वेळ बदलायचा विचार करत होते, तो सोडला. दोघा मुलांना रविवारच्या बॅचला टाकते.

आज 1098 ला बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मुलीचं नाव लगेच मागितलं नाही, आणि बाल संरक्षण कक्षातून फोन येईल असं सांगितलं. मुलीला सगळं समजावलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आईले तुम्हीच सांगा, मी नाही सांगत." उद्या दुपारी जाते. ताई म्हणाल्या तसं, सोबत कोण जाणार ते आधी ठरवूनच. दोन आया तयार झाल्यात.

अकरावीतल्याचं वय अजून कळलेलं नाही. त्याच्या जुन्या शाळेत विचारते.

आणखी एक मदत हवी. वर्गाचे नियम एका पानावर लिहून मुलांच्या पालकांची सही घ्यावी असं वाटतंय: मोबाइल वर्गात बाहेर काढायचा नाही, कोणाचा फोटो तिला न विचारता काढायचा नाही, गाडी आणायची नाही, खर्रा खाऊन यायचं नाही, आणि नियम मोडला तर काय होईल. कोणाकडे साध्या मराठीतला असा कागद असेल तर इथे मजकूर टाका. आमच्याकडे बरेच पालक अंगठा देणारे आहेत, त्यामुळे वाचून दाखवता येईल इतका छोटा हवा.