अणुभट्टीतली शक्ती: ‘चढउतार’ की ‘दोलन’?

दांडिया बाजार, बडोदे: काकरापारच्या अणुभट्ट्यांवर मुलांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे. गाभ्यातल्या (भट्टीत इंधन असते त्या भागातल्या) शक्तीच्या ऑसिलेशनला, म्हणजे पुन्हापुन्हा वर-खाली होण्याला, ‘चढउतार’ लिहिले, तर चालेल ना?

मकरपुरा: नको, ताई. विजेची मागणी बदलली म्हणून शक्ती कमी-जास्त केली, तर तो चढउतार. दोलनाचे कारण आतच असते: परिणाम उशिरा पोचतो. एका बाजूला शक्ती वाढली की तिथला झेनॉन-१३५ (भट्टीत तयार होणारा, न्यूट्रॉन खाणारा वायू) न्यूट्रॉन गिळून संपत जातो; मग अणू फोडायला जास्त न्यूट्रॉन उरतात, म्हणून शक्ती आणखी वाढते. पण त्याच वेळी अणू फुटून आयोडीन-१३५ साठत असते. त्याचे अर्धायुष्य (निम्मे विघटित व्हायला लागणारा वेळ) सुमारे ६.६ तास. काही तासांनी त्याचाच झेनॉन होतो आणि शक्ती उतरते. समोरच्या बाजूला नेमके उलट चाललेले असते. एक फेरा साधारण दिवसभराचा, आणि एवढ्यात एकूण शक्तीचा आकडा जागचा हलतही नाही! म्हणून मी ‘शक्ती-वितरणाचे दोलन’ असेच लिहीन. तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या भट्ट्यांत हे दोलन आवरण्यासाठीच १४ कप्प्यांतले साधे पाणी कमी-जास्त करतात; ते पाणी न्यूट्रॉन शोषते. गाभा म्हणजे एकच बिंदू मानणाऱ्या गणिती प्रतिमानात (मॉडेलमध्ये) हे दोलन दिसणारच नाही. गाभ्याचे भाग पाडावे लागतात.

रावपुरा: जुन्या पुस्तकांत ‘आंदोलन’ आहे की.

मकरपुरा: आहे, काका, आणि शब्द चांगला आहे. पण ‘अणुभट्टीतील आंदोलन’ वाचून लोकांना मोर्चाच आठवेल.

दांडिया बाजार: आणि डिके रेशो? ‘क्षयगुणोत्तर’?

मकरपुरा: तिथे जपा. किरणोत्सर्गी क्षयाशी गोंधळ होईल. हे लागोपाठच्या दोन शिखरांचे गुणोत्तर: १ पेक्षा कमी असले तर दोलन विझते, जास्त असले तर वाढते. ‘शिखर-गुणोत्तर’ लिहा. उकळत्या पाण्याच्या भट्टीत याला फार महत्त्व. तिथे वाफेमुळे पाण्याची घनता बदलते आणि फेरा अवघ्या काही सेकंदांचा. ९ मार्च १९८८ ला अमेरिकेत इलिनॉयच्या लासाल-२ भट्टीमध्ये पाणी फिरवणारे दोन्ही पंप बंद पडले, दोलने वाढत गेली आणि न्यूट्रॉन प्रवाह पूर्ण शक्तीच्या वेळच्या ११८ टक्क्यांवर पोचताच भट्टी आपोआप बंद झाली.

रावपुरा: क्रियापदाचे काय? ‘शक्ती दोलायमान झाली’?

मकरपुरा: ते मनाच्या अनिश्चिततेला राहू द्या. ‘शक्ती दोलन पावते’ पुस्तकी वाटले, तर सरळ ‘हेलकावे खाते’.