‘अवसादी खडक’ की ‘गाळाचा खडक’? अरियलूरच्या निमित्ताने

प्रश्न

नमस्कार मंडळी. मुलांच्या मासिकासाठी तमिळनाडूतल्या अरियलूरवर लेख लिहिते आहे. आज समुद्रापासून बऱ्याच आत असलेल्या या भागात सुमारे ११ कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता आणि तिथल्या खडकांत त्याचे शंखशिंपले मिळतात. तीन शब्दांपाशी अडले आहे. सेडिमेंटरी रॉकला ‘अवसादी खडक’, फॉर्मेशनला ‘रचना’ आणि फॉसिलला ‘दगड झालेले प्राणी’ लिहिलं आहे, पण वाचताना तिन्ही खटकतात.

उत्तर

ताई, ‘अवसादी’ आधी काढा. हिंदी पाठ्यपुस्तकांतला शब्द आहे तो. मराठीत अवसाद म्हणजे ग्लानी, खचलेपण. मुलांना त्यातून खडकाबद्दल काहीच कळणार नाही. ‘गाळाचा खडक’ शाळेच्या भूगोलात रुळलेला आहे, तोच ठेवा.

‘रचना’ही नको. रचना घराची असते, कवितेची असते. भूवैज्ञानिक फॉर्मेशन म्हणतात तेव्हा त्यांना नकाशावर वेगळा दाखवता येईल असा, एखाद्या गावाचं नाव मिळालेला थरांचा संच अभिप्रेत असतो. त्याला मी ‘शैलसमूह’ म्हणतो: कारै शैलसमूह, कल्लनकुरिची शैलसमूह. एकेकट्या बेडला साधा ‘थर’. असे अनेक शैलसमूह मिळून जो ग्रुप होतो, त्याला ‘गट’ लिहावं. भूवैज्ञानिक हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी एकोणिसाव्या शतकात इथे उटाटूर, त्रिचनापल्ली आणि अरियलूर असे तीन गट पाडले, ते आजही चालतात. शहराचं नाव आता तिरुचिरापल्ली असलं तरी गटाचं ‘त्रिचनापल्ली’च ठेवा. मराठी वाचकाला ते परकं नाही, रघूजी भोसल्यांच्या १७४१च्या मोहिमेमुळे इतिहासात आपण तेच वाचत आलो आहोत.

फॉसिलला ‘जीवाश्म’ उत्तम. ‘दगड झालेले प्राणी’ म्हटलं की झाडं सुटतात, आणि मुळात प्रत्येक वेळी काही दगड होतंच असं नाही. कधी शिंपला जवळजवळ जसाच्या तसा टिकतो. कधी तो विरघळून जातो आणि खडकात नुसता ‘साचा’ उरतो. साच्यात पुढे दुसरं खनिज भरलं तर ‘ओतीव’ तयार होतो. साचा आणि ओतीव हे तांबट-ओतारी मंडळींचे शब्द इथे इतके चपखल बसतात की नवे घडवण्याची गरजच नाही. याच भागातल्या गरुडमंगलम गावचा चुनखडक घासून गुळगुळीत केला की करड्या दगडात शिंपल्यांच्या पांढऱ्या कडा कोयरीसारख्या उमटतात. मुलांना त्याचा फोटो जरूर दाखवा.

प्रश्न

शैलसमूह पटला. पण कल्लनकुरिचीचा चुनखडक शिंपल्यांनीच गच्च भरलेला आहे, सिमेंट कारखाने तो खणून नेतात. त्याला ‘गाळाचा’ म्हटलं तर मुलांच्या डोळ्यांसमोर चिखल येईल ना?

उत्तर

येईल, आणि म्हणूनच एक वाक्य खर्च करा. विहिरीच्या गाळात नुसता चिखल नसतो. वाळू, पाचोळा, शंखांचे तुकडे, सगळंच असतं. तळाशी बसतं ते गाळ. घरातलं उदाहरण हवं असेल तर ‘साका’ घ्या. ताक निवळल्यावर खाली साका बसतो, तसा समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा साका बसला. मुलं लगेच ओळखतील.

आणि तिथले ते जाड, वाकडे शिंपले म्हणजे ग्रिफिया. ती कालवांच्याच नात्यातली. कोकणातल्या पोराला ‘कालवं’ म्हटलं की त्याने खडकावरून कोयत्याने फोडून काढलेली कालवं आठवतात. ‘द्विपुट मृदुकाय’ असा शास्त्रीय शब्द लिहून ती ओळख घालवू नका.

आणखी एक मत

मी अमोनाइटबद्दल, म्हणजे चक्रासारखं वळलेलं कवच असलेल्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याच्या जीवाश्माबद्दल लिहितो. बरेच जण त्याला सरसकट ‘शाळिग्राम’ म्हणतात. मला ते मान्य नाही. शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीचा, देवघरात पूजला जाणारा. त्यातल्या अनेकांच्या पोटात अमोनाइटचं चक्र असतं हे खरं, पण म्हणून कारैच्या माळावर सापडणारा प्रत्येक अमोनाइट शाळिग्राम होत नाही. ‘शाळिग्रामात दिसतं तसं चक्र असलेला’ असं वर्णन करा, नाव मात्र अमोनाइटच राहू द्या.

उत्तर

सहमत. आणि ताई, लेखात त्याच भागातल्या सातनूर गावचा जीवाश्म झालेला झाडाचा बुंधा घेणार असाल तर ‘काष्ठजीवाश्म’ हा शब्द टाळा. तमिळमध्ये त्याला ‘कल् मरम्’ म्हणतात: कल् म्हणजे दगड, मरम् म्हणजे झाड. आपलं ‘दगडी झाड’ तितकंच नेमकं आहे. भूवैज्ञानिक एम. एस. कृष्णन यांनी १९४०मध्ये जगासमोर आणलेला हा बुंधा सुमारे १८ मीटर लांब आहे आणि आडवा पडलेला आहे तो समुद्री खडकांत. जमिनीवरचं झाड वाहत समुद्रात गेलं, बुडलं आणि गाळात गाडलं गेलं. ‘गाळाचा खडक’ समजावायला तिथूनच सुरुवात करा.