मदत हवी आहे: लोहाराच्या भट्टीत कोळशातला कार्बन विळ्यात खरंच उतरतो का?

वऱ्हाडी मास्तर

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. विसरणाच्या (अणू-रेणू आपोआप पसरत जाण्याच्या) धड्यात पाण्यातला शाईचा थेंब आणि अत्तराची बाटली यापुढे गाडी जात नाही, पोरं जांभया देतात. म्हणून यंदा त्यांना गावातल्या लोहारकाकांच्या भट्टीवर नेलं. पेरणीआधी तिथं वखराच्या पासा नि विळे पाजवायला नुसती रांग असते.

काकांनी विळा लोणारी कोळशात पुरला, पोराला भाता मारायला लावला. पाच-सात मिनिटांनी लालभडक विळा काढून ठोकला नि पाण्यात बुडवला. म्हणाले, "लोखंड कोळसा जेवढा खाईन ना सर, तेवढी धार टिकन."

पोरांनी वह्या काढल्या. मलाही वाटलं, वा, घन पदार्थातल्या विसरणाचं आयतं उदाहरण मिळालं. पण घरी आकडेमोड केली तर हिशोब जुळेना. 900 ते 950 अंश सेल्सिअसला लोखंडात कार्बनचा विसरण गुणांक (पसरण्याचा वेग सांगणारा आकडा) साधारण 10⁻¹¹ चौरस मीटर प्रति सेकंद धरला, वेळ 300 सेकंद. दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ येतं 0.05 मिलिमीटर. कागदाच्या अर्ध्या जाडीएवढं! पहिल्यांदा दगडावर घासला की तेवढा थर गेलाच. आणि काकांचा विळा तर अख्खा सोयाबीनचा हंगाम काढतो.

याला जोडून दुसरी अडचण. आमच्या जीवशास्त्राच्या मॅडम हेच सूत्र, फक्त गुणाकाराची दुप्पट धरून, पेशीसाठी वापरतात. पाण्यात ऑक्सिजनचा गुणांक 2 × 10⁻⁹, म्हणजे 10 मायक्रोमीटर अंतर सेकंदाच्या चाळिसाव्या भागात, 1 मिलिमीटरला चार मिनिटं, 1 सेंटिमीटरला मात्र सात तास. अंतर दहापट तर वेळ शंभरपट. मुलांनी विचारलं, नियम एकच तर लोखंडाला 900 अंश कशाला लागतात आणि शरीराचं 37 वर कसं भागतं? उत्तर दिलं, पण माझंच समाधान झालं नाही.

तर मदत दोन गोष्टींची हवी आहे. काकांच्या विळ्यात नक्की काय होतं? आणि प्रयोगशाळेत फारसं काही नसताना हे वर्गमूळ मुलांना डोळ्यांनी कसं दाखवू?

भट्टीवाला

मास्तर, बुटीबोरीला हीट ट्रीटमेंटमध्ये (धातू तापवून-गार करून कडक करण्याच्या कामात) आहे, म्हणून लिहितो. तुमचा आकडा बरोबर आहे. फक्त 0.05 ही कार्बन निम्म्यावर येतो ती खोली, त्याचं शेवटचं टोक साधारण तिप्पट खोलवर असतं. आमच्याकडचा अंदाज असा की 925 अंशाला 4 तासांत कार्बन उतरलेला सव्वा मिलिमीटर थर मिळतो. अडीच हवा असेल तर 8 तास पुरत नाहीत, 16 लागतात. वीजबिल पाहून मालकालाही वर्गमूळ पाठ झालंय.

पण तेही बंद भट्टीत. लोखंडाला कार्बन देतो तो मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड वायू, कोळशाचा नुसता स्पर्श नाही. उघड्या भट्टीत भात्याची हवा थेट लागली तर उलट पृष्ठभागावरचा कार्बन जळतो आणि खपल्या सुटतात.

काकांना विचारा विळा कशाचा केला. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा असणार. त्यात कार्बन आधीच अर्धा टक्क्याच्या वर असतो. साध्या सळईत 0.2 टक्क्याच्या आसपास, तिला कितीही पाणी पाजा, म्हणजे लाल करून पाण्यात बुडवा, धार वळणारच.

आता खरी गंमत. लाल लोखंडात कार्बनचे अणू अणूंमधल्या फटींत मोकळे फिरत असतात. सावकाश गार केलं तर विसरणाने बाजूला होऊन लोह कार्बाइडचे थर बनवतात. पाण्यात बुडवलं की त्यांना हलायला वेळच मिळत नाही. जागच्या जागी अडकतात, लोखंडाच्या अणूंची जाळी ताणली जाते, मार्टेन्साइट (पोलादाचं फार कडक रूप) तयार होतं. म्हणजे विळ्याचा कडकपणा विसरण झाल्याचा नाही, विसरण रोखल्याचा आहे. मग काका विळा पुन्हा जरासा शेकत असतील, तेव्हा थोडी मोकळीक मिळते आणि धार ठिसूळ राहत नाही. काकांचं कारण चुकलं, पण हात चुकला नाही.

पेशीपुराण

37 आणि 900 चं उत्तर अडथळ्यात आहे. लोखंडात कार्बनला एका फटीतून दुसरीत जाताना शेजारचे अणू ढकलावे लागतात, त्याला ऊर्जा लागते. 900 वरून 1000 अंशावर गेलात की वेग तिपटीहून जास्त होतो. पाण्यात रेणू आपोआप जागा सोडत असतात. 20 वरून 37 ला वाढ होते दीडपटच. शरीराने तापमान वाढवून वेळ वाचवला नाही, अंतर कमी केलं. म्हणून पेशी इवल्याशा आणि केशवाहिन्यांचं जाळं एवढं दाट. लांबच्या प्रवासाला हृदय, शेवटच्या काही मायक्रोमीटरला विसरण.

मुलांना हेही सांगा की 1855 मध्ये ही समीकरणं मांडणारा अडॉल्फ फिक शरीरक्रियाशास्त्राचा माणूस होता. धातुवाल्यांनी त्याचंच सूत्र उचललं.

प्रयोग: किराण्यात मिळणारं अगर-अगर घट्ट शिजवा, थोडी हळद आणि चुन्याची निवळी घाला, कुंकवासारखं लाल होईल. 1 आणि 2 सेंटिमीटरचे ठोकळे कापून व्हिनेगरमध्ये सोडा. आम्ल आत शिरतं तसा पिवळा थर वाढत जातो. एक ठोकळा 5 मिनिटांनी कापा, दुसरा 20 मिनिटांनी. थर चौपट नाही, सुमारे दुप्पट भरेल. चुन्याऐवजी धुण्याचा सोडा वापरू नका, बुडबुडे होऊन ठोकळा फाटतो. आणि हळदीचे हात खडूच्या फळ्याला लावू देऊ नका, महिनाभर दिसतात.

वऱ्हाडी मास्तर

दोघांचेही आभार. काकांना विचारलं. पाटाच आहे, पुसदच्या भंगारातून आणलेला. "सळईचा इळा कोन करते बाप्पा," म्हणाले. भट्टीवाले भाऊ, पोरांसमोर पाटा आणि सळई यातला फरक दाखवायला काही सोपं?

भट्टीवाला

वेल्डिंगवाल्याच्या ग्राइंडरला दोन्ही लावा. सळईच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांच्या; पाट्याच्या टोकाला फुटून फुलबाजीसारख्या फांद्या येतात. मग दोन्ही तुकडे लाल करून पाणी पाजा आणि कानस फिरवा. सळईला कानस चावेल, पाट्यावरून घसरेल. चष्मे लावल्याशिवाय पोरांना जवळ उभं करू नका.