जुन्नरला मुक्काम केलाय का? अनुभव लिहा

मंडळी, शिवनेरी आणि लेण्याद्री एका दिवसात उरकून मी आजवर चार वेळा परत आलेय. जुन्नर गाव असं कधी पाहिलंच नव्हतं. गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा शनिवारची रात्र तिथे काढली आणि रविवारी उजाडताच गडाच्या वाटेला लागलो. बसगाड्या यायच्या आत सातही दरवाजे सावकाश चढून झाले. शिवाई देवीसमोर आम्ही चौघंच होतो. वर शिवजन्माच्या वास्तूत इतकं शांत उभं राहता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. लेकानं गंगा-जमुना टाक्यांत डोकावून विचारलं, "आई, दगडात एवढं पाणी आलं कुठून?" त्या टाक्यांपाशी आमचा अर्धा तास गेला. पूर्वी तिथे पाच मिनिटंही थांबलो नव्हतो.

पुण्याहून नारायणगावमार्गे अंतर 95 किलोमीटरच्या आसपास, आणि कल्याणकडच्यांना माळशेज घाट आहेच. तुम्ही दोन दिवस काढले असतील तर लिहा. काय पाहिलं, काय खाल्लं, सोबत म्हातारी माणसं असतील तर कसं जमवलं?

*

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, वय 74. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. डोली मिळते, पण त्यांना पायीच चढायचं होतं. सकाळी सातला सुरुवात केली आणि दर वळणावर बसत बसत तासाभरात पोचलो. गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे डोंगरात कोरलेला एक मोठा विहार (बौद्ध भिक्खूंच्या राहण्याचं लेणं), आणि आत एकही खांब नाही. तोंड दक्षिणेला असल्यामुळे दिवसभर उजेड असतो. आपण मूर्तीच्या पाठीला नमस्कार करतो, हे सासूबाईंना माहीत होतं, मला नव्हतं.

शेजारचं सहा नंबरचं लेणं चुकवू नका. देवदर्शन झालं की लोक खाली वळतात आणि तिथला चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, राहून जातो. माकडं फार आहेत, हातात पिशवी नको.

*

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, म्हणून जेवणाबद्दल मीच लिहिते. मासवडी खाल्ल्याशिवाय येऊ नका. नावात मास असलं तरी वडी पूर्ण शाकाहारी. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं. त्यावर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, लसूण आणि तिखट असं सारण पसरायचं. मग फडक्यानेच गुंडाळी करून दाबायची आणि माशासारखा आकार द्यायचा. आई फडकं सोडवायची तेव्हा वडीवर विणीची बारीक नक्षी उमटलेली असायची, आणि ती वडी कापायला आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. सोबत झणझणीत काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. रस्सा वडीवर आधीच ओतून ठेवू नका, वडी फुटते.

हे घाईचं काम नाही. खानावळीत सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे दुपारी ताजी मिळेल.

*

19 फेब्रुवारीच्या आसपास जाणार असाल तर समजून जा. आम्हाला शांतता हवी होती आणि तारखेचं भानच राहिलं नाही. फोनवर ठरवलेली खोलीही ऐन वेळी मिळाली नाही, रात्री दहाला नारायणगाव गाठावं लागलं. पण पहाटे शिवज्योत घेऊन अनवाणी धावणारी पोरं पाहिली आणि सगळा शीण गेला. सोहळ्यासाठी जायचं तर तेव्हाच. गड निवांत पाहायचा असेल तर दुसरा कुठलाही आठवडा घ्या.

*

नाणेघाटाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून! जुन्नरहून पश्चिमेला तासाभराची वाट. आम्ही पहिल्यांदा जुलैत गेलो. धुकं, गाड्यांची रांग, गुहेत भिजलेली गर्दी, आणि भिंतींवर कोरलेला प्राचीन लेख बघायला जागाच नाही. मनाला लागलं ते. म्हणून जानेवारीत पुन्हा गेलो, आणि तेव्हा गुहा आमचीच होती.

सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख डाव्या-उजव्या भिंतींवर आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापणं (त्या काळची नाणी), सगळं आकड्यांत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. वर नावं कोरलेली आहेत: सिमुक, नागनिका, सातकर्णी... आणि खाली उरलीत ती फक्त पावलं. दोन हजार वर्षं ती पावलं तिथेच उभी आहेत. माझे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. कल्याण-सोपारा बंदरांतला माल याच घाटाने वर चढून पैठणकडे जायचा. बाहेर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सगळे सांगतात.

येताना पूर गावात कुकडेश्वराचं देऊळ पाहा. कुकडी नदी तिथेच उगम पावते.

*

मी इथलाच शेतकरी. एक विनंती आहे. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी फिरू नका, लहान मुलांना एकटं पुढे धावू देऊ नका. बिबट्या ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे, त्यात घाबरवायचा हेतू नाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पण ते प्राणिसंग्रहालय नव्हे.

*

वाचतेय सगळं, मनापासून आभार. ताई, मासवडी नक्की. तुळजा लेणी कोणी पाहिलीत का? पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन जायचंय.

*

पाहिलीत, आणि माझ्यासाठी जुन्नर म्हणजे तेच लेणं. गावापासून जवळ, पाडळीच्या बाजूला. थोडी चढण आहे. आईबाबांना सकाळी लवकर न्या, काठी असू द्या.

आपण पाहिलेले चैत्य लांबट असतात. हा गोल आहे. मधोमध स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमटासारखं छत. पुढची भिंत पडून गेल्यामुळे ऊन थेट आत येतं. मी एका खांबाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड अजून बोटाला लागते, छिन्नी कालच उचलली असावी तशी. खांबांच्या मागून लेक स्तूपाला प्रदक्षिणा घालत होती आणि तिची सावली एका खांबावरून दुसऱ्यावर जात होती. शेजारच्या एका लेण्यात तुळजादेवी आहे, नाव त्यावरूनच पडलं. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेल्या दानाचेही लेख आहेत, एकाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने भोजनमंडप. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने इथे पाण्याची सोय करून ठेवावी, हे वाचल्यापासून मी प्रत्येक टाक्यात वाकून बघते.

वाट आम्हाला शेतातल्या एका आजींनी दाखवली होती. उतरताना त्याच बांधावर भेटल्या. "देवी भेटली का गं?" म्हणाल्या, आणि ओच्यातले हरभऱ्याचे डहाळे लेकीच्या ओंजळीत घातले.