त्यांना कळतं हो सगळं

लहान मुलांशी रंग-रूपावरून होणाऱ्या भेदभावाबद्दल बोलावं, असं म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, ‘एवढ्याशा पोरांच्या डोक्यात हे कशाला भरवायचं, त्यांना काळं-गोरं कळत नाही’. हे मत मला पटत नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या होत्या. ‘चांगली कुठली?’ म्हटल्यावर बहुतेकांनी गोरी उचलली.

आमच्या रत्नागिरीकडे आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं असतात. त्यांची पोरं शाळेत जातात, फाडफाड मराठी बोलतात, तरी हाक ‘ए बहादूर’ नाहीतर ‘ए चिनी’. ही हाक मुलं कुठून उचलतात? बागेत आपण राखणदाराला जी मारतो, तीच. तेव्हा आधी त्या माणसाचं नाव विचारून घ्या आणि मुलांसमोर नावानेच बोलवा.

‘त्याचे डोळे असे का?’ असं मूल मोठ्याने विचारतं तेव्हा आपण त्याला दटावून गप्प करतो. नका करू. ‘त्याच्या आईसारखे आहेत, तुझं नाक नाही का आजीसारखं?’ एवढं पुरतं.

मुरुडला जंजिरा दाखवायला नेलंत तर नुसती कलालबांगडी तोफ दाखवून परतू नका. तिथे राज्य करणाऱ्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले होते, हेही सांगा.

आणि ‘पोरगी हुशार आहे, पण सावळी’ म्हणून हळहळणाऱ्या काकूंना मुलांदेखतच टोका. काकू उलट चार शब्द ऐकवतील, ते धरून चाला.